सातव्या बरगडीपाशी

बसा. कॉफी गार झालीय, चालेल ना?
तुमच्या पाटीवर वर्ष चुकलंय.
तेहेतीस नव्हे, चौतीस.
तेहेतिसात एमिलकडे नुसत्या पोलादी नळ्या होत्या
अन् सीडर रॅपिड्सच्या डेअरीची मागची शेड,
तिचंही भाडं थकलेलं.

इंजिन आणलं पडलेल्या टपाल-विमानातून,
चार सिलिंडरचं, उलटं टांगलेलं,
वटवाघळासारखं.
विमान एवढंसं, की शेजारच्या मिसेस हाव्हलिकनी विचारलं,
"उरलेलं कधी यायचंय?"

कापड मात्र मी शिवलं. हे लिहून घ्या.
तेरा वर्षांची होते.
मेण लावलेला दोरा, वीतभर लांब सुई,
वरून मी खुपसायची, खालून एमिल परत धाडायचा,
मधे पंख. तोंडं दिसत नसत एकमेकांची.
जे काय बोलणं, ते सुईचं.
दर दीड इंचाला गाठ.
मग डोपचे सहा हात.
डोकं भणभणायचं त्या वासानं,
पिकल्या केळ्यांचा वास, एमिल म्हणायचा.
केळं मी तोवर खाल्लं नव्हतं.

उडवायचा हार्लन ट्रॅस्क,
मक्याच्या धाटासारखा सडसडीत,
तरी आत शिरताना बूट काढावे लागत.
ओमाहाला चौकड्यांच्या मनोऱ्यांभोवती
डावीकडे, डावीकडे, परत डावीकडे,
दहा फेऱ्या.
आम्ही फोर्डच्या टपावर.
एमिलनं वर पाहिलंच नाही,
डोळे मिटून इंजिन ऐकत बसला.
तिसरा नंबर. सव्वादोनशे डॉलर.
दोनशे डेअरीवाल्याचे,
उरलेल्यात हार्लनला नवे बूट.

पुढचं तुम्हालाच जास्त ठाऊक.
टेक्सासच्या तेलवाल्यानं घेतलं, लाल रंग फासला,
शेपूट मोडून घेतली.
युद्धात कुठल्याशा शाळेत
पोरं त्याच्यावर स्क्रू खोलायला शिकली.
मग टल्सात, फर्निचरच्या दुकानात, छताला.
खाली सोफ्यांवर सूट.
अन् शेवटी खुराडं.
सीटवर अंडी सापडली म्हणता?
बरं झालं.
कुणीतरी बसत होतं म्हणायचं.

तो डाव्या पंखाचा तुकडा द्या इकडे.
चष्मा. हां.
सातव्या बरगडीपाशी बघा, गाठी वाकड्या.
त्या माझ्या नव्हेत.
त्या रात्री मी सुई धरूनच झोपले.
सकाळी अंगावर एमिलचा कोट,
आणि ओळ पुरी झालेली.
त्याला गाठ कधी धड जमली नाही.
उसवायला हवी होती, कळत होतं मला.
हार्लन त्यांच्याच भरवशावर
ताशी दोनशे मैलांनी वळला.

तुमचं नवं कापड पॉलिएस्टरचं, वास न येणारं.
लावा.

अडतीस साली चर्चच्या सहलीत
कुणीतरी केळं सोलून हातात दिलं.
एक घास घेतला अन् थांबले.
सगळ्यांना वाटलं, आवडलं नाही.