पाव टक्का

दहाला पाच कमी. वाशी, सेक्टर सतरा,
दुसरा मजला, खाली चष्म्याचं दुकान.
आज ऑफिसात कुणी चहासुद्धा ढवळत नाही.
टीव्हीवर एक रिकामी खुर्ची, मागे निळा पडदा,
आणि पारेखशेठ म्हणतात, "सेंटिमेंट नाजूक आहे,"
आतल्या खोलीत कुणी तापानं फणफणल्यासारखं, हळू.

बाकावर हसुराम ठाकूर, घणसोली गावठाण.
टक्का म्हटलं की त्यांना आधी साडेबारा आठवतात:
खाजण गेलं, मिठागर गेलं,
बदल्यात कागद आला. कागदाचा प्लॉट,
प्लॉटची इमारत, इमारतीतून सुटलेले पैसे,
अर्धे बँकेत ठेवीला,
अर्धे माझ्या स्क्रीनवर, हिरवे-लाल.

खुर्ची भरली. खुर्ची खोकली.
पाव टक्का कमी.

मी मनात माझा हप्ता खोडला.
काकांनी मनात त्यांचं व्याज.
एकमेकांकडे बघितलं नाही आम्ही.

बाजार दोन मिनिटं चढला, मग गडगडला.
"गं पोरी, चांगली बातमी ना ही?"
"आधीच धरली होती, काका."
"मंजे पंगत उठल्यावर नवरी आली?"
असंच काहीसं, म्हटलं.

अकरा वीस. कुणाच्या तरी मोबाइलवर एक ओळ:
दिल्लीत कुठलासा मित्रपक्ष रुसलाय.
खरं-खोटं कुणी विचारलं नाही.
नेरुळहून डॉक्टर कानिटकर: विका.
ऐरोलीहून बेनी, मागे मिक्सर चालू: विका.
पारेखशेठची मेहुणी, रडवेली: सगळं विका.
माझी बोटं एवढी कोरडी पडली
की की-बोर्डची अक्षरं खरखरीत लागली.

एक चाळीसला मंत्री हसत बाहेर आले.
म्हणाले, आमच्या घरात भांड्याला भांडं लागतंच.
तेच आवाज, तेच शेअर: घ्या.
सकाळपेक्षा महाग. तरी घ्या.

काका सगळा वेळ हात गुडघ्यांवर ठेवून.
"उधाण येतं ते तिथी बगून येतं.
माजा बाप अमावास्येच्या आदल्या दिशी कोंड्यांची दारं लावायचा.
ह्याला तिथी नाय?"
"नाही, काका."
"बांध तरी हाय कुटं?"

साडेतीनला मी खाती तपासली.
त्यांच्या खात्यात आज एकही व्यवहार नव्हता.
बाकावर पुडीतले चार शेंगदाणे राहिले होते.

संध्याकाळी बँकेचा मेसेज:
हप्ता तोच राहील. मुदत सात महिन्यांनी कमी.
म्हणजे दोन हजार त्रेचाळीसच्या जूनऐवजी
आधीच्या नोव्हेंबरात मी मोकळी.

सात महिने.
कुणी एक माणूस खुर्चीत बसून खोकला आणि ते मला मिळाले,
किंवा काकांचे होते ते.
कोपरखैरणेच्या रिक्षात बोटांवर मोजत होते,
डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी,
एप्रिलला एक हात संपला,
दुसऱ्या हातात पर्स होती.