अतुलनीय

साडेअकरा. एकशे ऐंशी एमबी उरलेत.
व्हिडिओतले सर फळ्याकडे तोंड करून बोलतात,
मधे पंख्याची घरघर,
मागून गाजुलांच्या शेडमधला धोटा
खटक खटक, खटक खटक,
सिद्धता तेवढी ऐकू येत नाही.

मग एक पीडीएफ सापडली.
बेचाळीस पानं, तिरकी स्कॅन केलेली,
कुणाच्या तरी अंगठ्यासकट.
सतरावं पान नाहीच.
अठराव्यावर पहिलंच वाक्य : उरलेलं स्पष्ट आहे.
कुणाला?
अक्कलकोट रोडच्या या पत्र्याखाली
अजून भिंतीसुद्धा तापलेल्या आहेत.

तिसऱ्या ठिकाणी कुण्या मुलीच्या वहीचे फोटो.
नाव नाही, गाव नाही,
समासात पेन्सिलीनं काढलेला चहाचा कप.
तिनं ठिपके मांडलेत, वर जाणाऱ्या रेघा ओढल्यात,
रेघेवरचा तो मोठा.
आणि ज्या दोघांत रेघच नाही
ते अतुलनीय.
मी हा शब्द आजवर सत्काराच्या फलकावरच वाचला होता.
इथं त्याचा अर्थ एवढाच :
कोण मोठं, हे विचारायचं नाही.

समोर अम्मा
भिजवलेली पानं कातरते उद्यासाठी.
बारा तास बसते ती. मी सहा तास वाचते.
रेघ नाही.

"तिन्नावा?" ती विचारते.
जेवले ग, म्हणते, आणि उगाच पुढे विचारते,
छाट बिड्या फार काढल्या तर तू कुणाकडे जातेस?
"कारकुनाकडे."
तो ऐकत नाही.
"मग मॅनेजर."
तोही नाही.
"शेठ."
आणि शेठच्या वर?
कात्री थांबते.
"कुणी नाही. मग घरी येते.
माणसं काय संपत नाहीत होय कारखान्यात?"

संपतात, अम्मा. संच सांत आहे.
वर कुणी असेल तर त्याच्याकडे जा,
त्याच्याही वर असेल तर त्याच्याकडे,
मागे कुणी पुन्हा भेटत नाही,
आणि घटक मोजकेच,
म्हणजे कुठेतरी थांबावंच लागणार,
ज्याच्या वर कुणी नाही अशाच्या दारात.
तो सगळ्यांहून मोठा असेलच असं नाही.
दुसऱ्या कारखान्याचा शेठ वेगळा.

वहीतलं पान फाडून मी हे सुवाच्य लिहिलं,
वर आकडा टाकला : सतरा.
फोटो काढला, पीडीएफ होती तिथंच पाठवला.
कोपऱ्यात माझाही अंगठा आलाय,
तंबाखूनं पिवळा.

चार एमबी गेले.