येताना अर्धं राहिलेलं आणा

निरोपात एवढंच लिहिलं होतं:
शनिवारी चार वाजता, नेरूळ, सेक्टर अठरा,
येताना अर्धं राहिलेलं काहीतरी आणा.
पूर्ण झालेलं नको, ते दाखवण्यात दुपार जाते.

पाच वर्षांनी बेल वाजली
आणि मी दोन क्षण तशीच उभी.
मग आठवलं, प्रफुल्ला घरत बेल दाबून धरते,
आतलं माणूस बहिरं असल्याच्या खात्रीनं.

तिच्या पिशवीत गोधडी.
सासऱ्यांच्या लुंग्या, पोराचा शाळेचा शर्ट,
करावे गावातल्या पाडलेल्या घराचा पडदा,
आणि बरोब्बर मधे एक चौकोन रिकामा, नुसतं अस्तर.
"इथं काय लावू तेच सुचेना," म्हणाली,
आणि चपला काढायच्या आधी
गॅलरीकडे बघून: "माझी जास्वंद मारलीस ना?"

मारली. खरं आहे.
पाणी जास्त घातलं.
माया जास्त झाली की मुळं कुजतात
हे वीस वर्षं मीच लोकांना सांगत आले,
पण ते वर्ष असं होतं
की सकाळी उठून कुणाला काही द्यायचं
तर हातात फक्त तांब्या होता.

फकीहसरांनी बुटाच्या खोक्यातून मचवा आणला,
आगपेटीच्या काड्यांचा,
वितभर, फळ्याफळ्यांनिशी खरा.
डोलकाठी नाही.
"हात," म्हणाले, आणि हात पुढे करून दाखवला.
तो कपातल्या चहासारखा हलत होता.
कोणी हळहळलं नाही, हे बरं झालं.
प्रफुल्लानं पिशवीतून विणायची दोन नंबरची सुई काढली,
दातांनी मोजल्यासारखी मोजली,
आणि पाच वर्षांचा प्रश्न
खालच्या भोकात टोचून उभा केला.
"शीड मी शिवीन. पण रंग माझ्या मर्जीचा."

सबनीस सगळ्यात शेवटी आले.
हे पूर्वी लडाखहून यायचे, कच्छहून,
अडीचशे फोटो आणि एक न सुटणारा खोकला घेऊन.
या वेळी नुसती वही.
नलिनीताईंचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, वाशीला.
ती आत, मी बाहेर, म्हणाले.
चार तासांत जाऊन परत येता येईल एवढंच जग.
म्हणून समोरून जी बस सुटेल तिच्यात बसायचं,
शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, आणि परत.

वहीत ओळी होत्या, तारीखवार:
*उलवे. रस्ता संपतो, खारफुटी सुरू. चहा चांगला.*
*तळोजे. दुभाजकात कुणीतरी भेंडी लावली आहे. पाच रोपं.*
*तळोजे, पुन्हा. तीन रोपं. भेंड्या जून झाल्यात, एक आणली.*
*घणसोली. काही नाही. कंडक्टर झोपलेला. मीही.*

"एकच थांबा राहिला," ते म्हणाले.
"जाऊन यायला साडेपाच तास लागतात.
तेव्हा जमायचं नाही."
फकीहसरांनी विचारलं, आता?
"आता वेळच वेळ आहे," सबनीस म्हणाले,
आणि वही मिटून
त्यांनी केळ्याचे वेफर जवळ ओढले.

मग बराच वेळ आम्ही भेंडीबद्दल बोललो.
दुभाजकात खत कोण घालत असेल.
तोडून कोण नेत असेल, आणि किती जणांची भाजी होत असेल.
जाताना प्रफुल्ला दारातून म्हणाली,
पुढच्या शनिवारी साडेसहाला डेपोसमोर,
डबे आपापले,
आणि खिडकी मला.
सबनीस हो म्हणाले नाहीत.
कितीची बस, ते मात्र सांगितलं.

"तुझं अर्धं काय?" हे विचारायचं सगळे विसरले.
मी काढून ठेवली होती,
जास्वंदीची रिकामी कुंडी, सोफ्याच्या मागे.

रात्री ती गॅलरीत परत ठेवताना पाहिलं,
मातीत कोणीतरी एक काडी खोचून गेलंय.
पान नाही, डोळा दिसत नाही,
चष्मा लावूनही कळत नाही.
जास्वंदीची असेल,
किंवा मचव्यातून उरलेली, आगपेटीची.

पाणी घातलं.
थोडंच.