फटींची नोंद

उणे अकरा. टालिनचा कालामाया भाग,
१९३१चं लाकडी घर, जिना तेवढा दगडी.
मी दाराच्या चौकटीत लाल कापड ताणते,
मधोमध पंखा बसवते, बटण दाबते.
पंखा घरातली हवा उपसू लागतो
तशी बाहेरची थंडी
वाट दिसेल तिथून आत शिरते,
अंगातला कोटही न काढता.

लेइदा पिहलाक, वय एक्याऐंशी,
लोकरीच्या मोज्यांनी माझ्यामागून हिंडते.
"तो कोपरा नका मोजू, तिथून येतोच वारा.
आत्या त्याला मुरमान्स्क म्हणायची.
पत्त्यांत हरेल त्याने तिथे बसायचं."

शेजाऱ्यांनी प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या,
पांढऱ्याशुभ्र, कवळीसारख्या.
वारा थांबला. मग भिंतींना घाम फुटला,
दुसऱ्या हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी.
वारसा खात्याचं पत्र आलं ते वेगळंच.

इथे तार्वो सुतार एकेक खिडकी उतरवतो.
जुनी लांबी खरवडतो, जवसाच्या तेलातली नवी भरतो.
बाहेरची काच तीच ठेवतो, किंचित लाटांची,
जिच्यातून रस्त्यावरचा माणूस
चालता चालता गुडघाभर पाण्यात उतरतो
आणि कोरडाच बाहेर येतो.
आतल्या चौकटीला नवी काच, कडेने लोकरीची पट्टी.
दोन्हींच्या मधे लेइदा कापूस अंथरते,
वर शेवाळ, त्यावर लाल फळांचा झुबका,
तिच्याच आडनावाच्या झाडाचा.
"हे आराखड्यात नाही," मी म्हणते.
"आराखड्याच्या आधीपासून आहे."

भिंत उघडली तर आत वर्तमानपत्रं,
पिठाच्या खळीने चिकटवलेली, थरावर थर:
एस्टोनियन, मग जर्मन, मग रशियन.
राज्यं बदलली,
ओल धरून ठेवायचं काम कागदाचंच राहिलं.
एका समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय:
अजून गार.
तारीख नाही.

तार्वो त्या थरांना हात लावत नाही.
त्यांच्यावर लाकूडतंतूंच्या जाड पाट्या,
त्यांच्यावर मातीचा गिलावा.
पाटी ठोकण्याआधी लेइदा म्हणते, थांब.
डिसेंबरचं विजेचं बिल आणते,
चार घड्या घालून आत सरकवते.
"वाचू देत पुढच्यांना."

मार्चमध्ये पुन्हा लाल कापड, पुन्हा पंखा.
आकडा निम्म्याहून खाली.
पडदा हलत नाही, कॅलेंडर फडफडत नाही.
उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात भिंत एकसारखी,
फक्त लेइदाने जिथे हात टेकला होता
तिथे पाच बोटं, पिवळी,
हळूहळू विझत.

ती खुर्ची ओढत मुरमान्स्कला जाते,
गाल भिंतीशी नेऊन बसते.
बराच वेळ.
मी पंखा सोडवते, कापडाची घडी घालते.
"काही येत नाही इथून," ती म्हणते.
मग जरा नाराजीनेच,
"आता हरलेल्याला बसवायचं कुठे?"