तू अजून दिसतेस

आठ महिने झाले, अपियो, आपला अबोला आहे.
भिशीचे चौदा हजार शिलिंग, आणि तुझा तो एक शब्द
जो मी अजून कुणालाही सांगितलेला नाही.
फोटो पुसले.
तुझा नंबर 'उचलू नये' या नावाने ठेवला.
लग्नासाठी नेलेला तुझा कितेंगेचा झगा
धुऊन, इस्त्री करून, वॉचमनच्या हाती पाठवून दिला.
ते ॲप काढायचं तेवढं राहिलं.
राहिलं म्हणजे, राहू दिलं.

बसवलं कधी ते आठवतं?
रोयसाम्बूच्या पादचारी पुलावर न्दुंगेची पर्स गेली,
आणि पर्सबरोबर पुढचे दोन दात.
दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये तिघींची तीन डोकी एका फोनवर,
तू म्हणालीस, "आता मेले तर निदान पत्ता तरी लागेल."
हसलो आपण. न्दुंगेसुद्धा हसली, तोंडावर हात धरून.

तेव्हापासून तू एक निळा ठिपका.
दहा दहाला हॉस्पिटलच्या लाँड्रीतून सुटतेस.
मटाटू भरेपर्यंत स्टेजवर खोळंबतेस.
थिका रोडवर धावतेस, मग रांगतेस, मग पुन्हा धावतेस,
गिथुराईला उतरून
सरळ वाट सोडतेस, पेट्रोल पंपाला वळसा घालतेस.
का, ते मला माहीत आहे.
सरळ वाटेवर दिवा नाही
आणि मोटरसायकलवाल्यांच्या शिट्ट्या आहेत.
मग गल्ली. मग फाटक. मग ठिपका जागचा हलत नाही.
मग मी दिवा मालवते.

याला माया म्हणू नकोस.
पाळत म्हणालीस तरी चालेल.

रविवारी आता तू न्गोंगला जातेस.
कोण आहे तिथे?
नकाशा जागा सांगतो, सोबत कोण ते सांगत नाही
आणि विचारायचा हक्क माझा राहिला नाही.
मार्चमध्ये तू तीन दिवस सरोवराकाठी, तुझ्या गावी.
कामाच्या दिवसांत, महिनाअखेरीला,
उगाच कोण जातं तीन दिवस गावी?
तुझी आई मला 'कांबांची पोर' म्हणायची
आणि माशाचं डोकं माझ्याच ताटात वाढायची.
चार ओळी लिहिल्या. पुसल्या.
परत लिहिल्या.
तू परतलीस तेव्हा ठिपका दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

काल ऑलसॉप्सच्या अलीकडे तू थांबलीस.
वाहतूक असेल म्हटलं.
अकरा वाजले. चहा केला, प्यायले नाही.
अकरा वीस.
मग ठिपका राखाडी झाला, खाली बारीक अक्षरांत:
सव्वीस मिनिटांपूर्वी इथे होती.
होती.
कुठल्या मेल्याने घातलं हे क्रियापद त्या ॲपमध्ये!

बूट कधी घातले आठवत नाही.
जिना उतरले, रस्त्याला लागले,
कहावाच्या पुलापाशी आले तेव्हा कळलं
की मी चालत निघालेय, आणि तू दहा किलोमीटरवर.
'उचलू नये'ला फोन लावला.

तू उचललास.
बोलली नाहीस.
मागे कंडक्टर कुणाशी तरी भांडत होता,
लोखंडावर लोखंड आपटत होतं,
एक मूल रडत होतं. मी सगळं नीट ऐकलं,
त्या सगळ्यात तुझा श्वास शोधला.

"टायर फुटलाय," तू म्हणालीस.
"रेंज नव्हती."

मी म्हटलं, बरं.

आठ महिन्यांनी तोंडातून निघालं ते एवढंच.
ठेवणार इतक्यात तुझा आवाज, तोच जुना, करवादलेला:
"आणि तू या वेळी पुलापाशी काय करतेस? एकटी?
घरी जा आधी."

चौदा हजारांचा विषय निघाला नाही.
त्या शब्दाचाही नाही.

मी मागे वळले.
दुकानांच्या उजेडातून, लांबच्या वाटेने गेले,
कारण तू बघत होतीस.