मर्लसाठी नाही

तंबाखूच्या जुन्या डब्यावर पेन्सिलीने लिहिलंय:
मर्लसाठी नाही.
म्हाताऱ्याचं अक्षर, कुंपणाच्या तारेसारखं
ताणून बसवलेलं.

आत त्रेचाळीस पुंगळ्या, तोंडं वर करून उभ्या,
शाळेत दुधाच्या बाटल्या यायच्या तेव्हा
आम्ही उभ्या राहायचो तशा.

तुआटापेरेत जून.
शेडच्या पत्र्यावर गोठलेलं दहिवर
दुपारचे दोन वाजले तरी उतरलेलं नाही.
रेल्वेच्या जुन्या स्लीपरवर आवळलेला प्रेस,
त्याच्या दांड्यावर म्हाताऱ्याच्या तळव्याने झिजवलेली जागा.
माझ्या हाताला ती मोठी पडते.

मी इतकी वर्षं ह्याला चिकूपणा समजत होते.
दोन रायफली, एकाच कारखान्याच्या,
एकाच युद्धातून उरलेल्या, त्याची एक, माझी एक,
आणि पुंगळ्यांची मात्र वेगळी चूल.

एकदा हट्टाने त्याच्या डब्यातलं काडतूस घातलं.
बोल्ट पाऊण गेला आणि अडला.
समोर वायाऊच्या काठावर हरणाने मान वर केली,
माझी खटपट पाहिली
आणि मग ते निघून गेलं, घाई न करता.
म्हातारा हसला नाही. एवढंच म्हणाला,
"वाचता येतं ना?"

पितळ मऊ.
बार उडतो त्या क्षणी फुगतं,
ज्या पोटात असेल त्या पोटाचं माप घेतं.
त्याच्या रायफलीचं चेंबर सैल, युद्धातल्या घाईचं,
चिखल शिरला तरी चालावी म्हणून ढिलं ठेवलेलं.
तिथे जाऊन येऊन ह्यांचे खांदे पुढे सरकलेले.
तो फक्त मान आवळायचा.
खांद्यांना कधी हात लावला नाही.

रायफल डेझमंडने नेली, भिंतीवर टांगायला,
बोल्ट काढून.
पुंगळ्या कुणी मागितल्या नाहीत.

तामाती म्हणाला, नव्या घे की.
किंमत सांगितली, तेव्हा चहा ढवळत बसला.

म्हणून आज पूर्ण साचा.
आधी पेपरक्लिप सरळ करून टोकाला आकडा,
तो आतून बुडाजवळ फिरवायचा, डोळे मिटून.
खाच लागली की ती संपली.
अकरा जणींना लागली. पक्कडीने चेपल्या, बादलीत टाकल्या,
प्रत्येक वेळी आवाज थोडा कमी होत गेला.

मग लोकरीची चरबी, दोन बोटांनी, पुसट.
जास्त झाली तर खांद्यावर खळी पडते,
कमी झाली तर पुंगळी साच्यात रुतून बसते,
ना आत ना बाहेर,
जशी मी ह्या गावात.

दांडा खाली.
पितळ कुरकुरतं, पार तळापर्यंत.
वर आली ती तेवढीच चकचकीत,
फक्त एका केसाने आखूड, त्याचं सगळं विसरलेली.

माझ्या रायफलीत घालून पाहिली. बोल्ट मिटला,
मुळीच न अडता.
मला वाटलं होतं, बरं वाटेल.

बत्तीस झाल्या तेव्हा अंधार पडला होता.
डब्यावरचं खोडायला अंगठा ओला केला, आणि राहिलं.
आता ते खोटं आहे,
पण ते मला ठाऊक आहे.

रात्री चुलीपाशी म्हातारी कुत्री
माझी बोटं चाटत बसली, एकेक करून,
चरबीच्या वासाने,
कुठली तरी मेंढी शोधत.