पहारा बदलताना

उजवं बोट हलवत राहा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रबरी चेंडू दाबा, राजमा निवडा.
राजमा मी दोन दिवस निवडला.
तिसऱ्या दिवशी शाल्मलीने आपला मोबाइल
माझ्या मांडीवरच्या उशीवर ठेवला:
"आजोबा, ह्याला सोडवा."

विहिरीसारखी खोल कोठडी, आणि तळाशी
हरभऱ्याएवढा एक निळा प्राणी.
नाव नाही, गुन्हा नाही, वॉरंट नाही.
त्याला हुकूम देता येत नाही. तो आपला चालत राहतो,
भिंत आली की वळतो.
आपण फक्त भिंती सरकवायच्या,
दिवा विझवायचा, फळी आडवी करायची,
सगळं काचेवर, बोटाने.

आता तुम्हीच सांगा,
ग्वाल्हेरच्या सेंट्रल जेलात एकतीस वर्षं
ज्याने संध्याकाळची गिनती केली,
कुलूप लावून दोनदा हिसकून पाहिलं,
त्याच्या हातून ही कामं व्हायची कशी?
पहिल्या रात्री तो अकरा वेळा पकडला गेला.
शाल्मली झोपली आहे म्हणून सांगतो,
त्यातल्या चार वेळा मला बरं वाटलं.

बोट म्हणजे काय, भिजलेली खारीक.
डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून
त्याला काचेपर्यंत न्यावं लागतं,
पेशीला कैदी नेतात तसं.

न्हाणीघराची आतली कडी
सूनबाईने काढून घेतली आहे.
पडलात तर दार फोडावं लागेल, म्हणते.
बरोबर आहे तिचं. कायद्याने बरोबर आहे.
मी आत बसून खोकत राहतो,
बाहेरच्याला कळावं म्हणून.

सातव्या कोठडीत पहारेकरी आला.
काळा, चौकोनी, हातात कंदील.
सात पावलं, थांबा, वळण.
सात पावलं, थांबा, वळण.
इथे मी आठवडाभर अडकले होते, शाल्मली म्हणाली.
मी कैद्याकडे पाहिलंच नाही.
गजकचा तुकडा गालात धरून
पहारेकऱ्याकडे पाहत बसलो.
अरे, हा तर जानेवारीतला माणूस!
बहोडापूरचं धुकं, कानटोपी, बुटात वर्तमानपत्र,
आणि तीन वाजता, पहारा बदलताना,
चाव्या मोजायला मान खाली.
आम्ही वर कधी पाहिलं नाही.
"फळी वर घे," मी म्हटलं, "त्याच्या डोक्यावरून ने."
निळा प्राणी गेला. कंदील हललाही नाही.
"आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"
नोकरीत, मी म्हटलं.

त्या रात्री गेंदालाल आठवला.
चौदा वर्षं काढून सुटला, त्या सकाळी
कागदावर अंगठा देऊन
दिंडीदरवाजासमोर उभा राहिला.
कडी मी काढली होती. दार नुसतं लोटायचं.
तो उभाच.
"चल, निकल," मी म्हणालो.
"साब, खोलो तो," तो म्हणाला.
चौदा वर्षांत त्याने एकही दार
स्वतः लोटलं नव्हतं.
मी हसलो होतो.
जेवणाच्या सुट्टीत सांगून बाकीच्यांनाही हसवलं होतं.

शेवटच्या कोठडीला भिंतच नाही.
उघडं मैदान, पिवळं आभाळ,
आणि तो काठाशी येऊन परत फिरतो.
पुन्हा येतो. पुन्हा फिरतो.
सरकवायला काही उरलेलं नाही.
"त्याच्यावर बोट ठेवा," शाल्मली म्हणाली,
"आणि उचलू नका."

ठेवलं.
थरथरत होतं, नख काचेवर टकटक वाजत होतं,
तो थांबत थांबत एकेक पाऊल टाकत होता.
आतून सूनबाईची हाक आली, दूध निवतंय.
निवू दे.

तो पलीकडे गेला तेव्हा काहीच झालं नाही.
ना फटाके, ना शंख.
निळा ठिपका लहान होत गेला,
मग पाटी आली:
नवा तुरुंग, बेचाळीस कोठड्या.

शाल्मलीने जांभई दिली.
"उद्या खेळू?"
तू झोप, मी म्हटलं.
जाताना चार्जर लाव.
आणि दार राहू दे,
मी लोटतो.